शेपटीकडून येणाऱ्यांसाठी

विमानांचे युद्धखेळ खेळणारी चार माणसं एकत्र बसवा. पाचव्या मिनिटाला बॉम्बरच्या गनरचा, म्हणजे विमानातून मशीनगन चालवणाऱ्याचा विषय निघतो, दहाव्याला आवाज चढतात. फायटरवाला म्हणतो, हे गनर म्हणजे शुद्ध चीटिंग आहे, एवढ्या लांबून बरोब्बर इंजिनात गोळी बसतेच कशी? बॉम्बरवाला म्हणतो, कसले गनर, फुसके बार आहेत नुसते. समोरचा शेपटीला येऊन चिकटतो, निवांत नेम धरतो आणि पंख कापून जातो. बऱ्याचदा दोघं एकाच लढतीबद्दल बोलत असतात. मागणीही दोघांची एकच असते, ‘रिअल पाहिजे.’

मी बॉम्बरवाला. कॉलेजात असताना सोलापूरच्या नवी पेठेतल्या एका नेट कॅफेत हा नाद लागला. आयएल-टू स्टर्मोविक या खेळाची पहिली मालिका तेव्हा जोरात होती. मित्र फायटर घ्यायचे, मी हेंकेल 111 हे जर्मन बॉम्बर घेऊन संथपणे निघायचो आणि शेजारच्या खुर्चीवरून आवाज यायचा, “काय बे, परत तेच डबडं?” दुपारी लोडशेडिंग झालं की दोस्त आणि शत्रू, दोघांचीही विमानं एकदमच पडायची. शहरात खरं विमान बघायला मिळणं दुर्मिळ होतं. होटगी रोडला धावपट्टी होती, पण तिथून नियमित प्रवासी सेवा काही टिकत नव्हती. पुढे विमानांना आडव्या येणाऱ्या साखर कारखान्याच्या चिमणीचा वाद वर्षानुवर्षं चालला, 2023 च्या जूनमध्ये चिमणी पाडली आणि 2025 मध्ये गोव्याचं विमान सुरू झालं. तोवर आमची सगळी उड्डाणं पडद्यावरच.

डबड्याची बाजू घ्यायची सवय तिथे लागली. त्यामुळे या वादात मी तटस्थ नाही, हे आधीच सांगतो. पण ‘रिअल’ म्हणजे नेमकं काय, हे शोधायला लागलो तेव्हा दोन्ही बाजूंच्या कल्पनांना धक्का बसेल असंच काहीबाही सापडत गेलं.

दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकन बॉम्बर बी-17 घ्या. सगळ्यात मोठा दबदबा तिचाच. शेवटच्या, म्हणजे जी आवृत्तीवर अर्ध्या इंची 13 मशीनगन होत्या आणि आत 10 माणसं. युद्धाआधी अमेरिकन वायुदलातल्या बऱ्याच जणांची पक्की समजूत होती की अशी विमानं एकमेकांना धरून उंचावरून गेली, तर त्यांना सोबतीला फायटरची गरजच नाही. कर्टिस लेमे या अधिकाऱ्याने त्यासाठी वरखाली पायऱ्यांसारखी रचना बसवली. एकाच्या पोटाखालची आंधळी जागा दुसऱ्याच्या बंदुकीने झाकायची. कागदावर यात कुठे फट दिसत नाही.

17 ऑगस्ट 1943 ला जर्मनीतल्या श्वाइनफुर्ट आणि रेगेन्सबुर्गवर 376 बॉम्बर निघाले, त्यातले 60 गेले. 14 ऑक्टोबरला पुन्हा श्वाइनफुर्ट. या वेळी निघाले 291, आणि गेले पुन्हा 60. एका विमानात दहा माणसं, म्हणजे एका दुपारी सहाशे माणसांच्या खाटा रिकाम्या.

ऑगस्टच्या त्या दिवशी परत आलेल्या गनरांनी 288 जर्मन फायटर पाडल्याचं सांगितलं. जर्मनांच्या नोंदींत त्या दिवशी गेलेली फायटर तिशीच्या आतच आहेत. हा फरक वाचल्यावर आधी वाटतं की पोरांनी थापा मारल्या. तसं नव्हतं. एक फायटर रचनेतून घुसतो, तेव्हा त्याच्यावर दहा-वीस जण एकाच वेळी गोळ्या झाडत असतात. मारा करून झाल्यावर तो पालथा होऊन खाली सुटतो आणि थ्रॉटल पुढे ढकलल्यामुळे एग्झॉस्टमधून काळा धूर सोडत जातो. वरून बघणाऱ्या प्रत्येकाला वाटतं, पडला, आणि माझ्याच गोळीने पडला. दहा जण प्रामाणिकपणे एकच फायटर दहा वेळा पाडतात, आणि तो खाली जाऊन पेट्रोल भरून परत वर येतो.

म्हणजे गनर खेळातल्यापेक्षाही वाईट नेमबाज होते? हो, बहुतेक तसंच म्हणावं लागेल, आणि त्यात त्यांचा दोष फार थोडा होता. बाजूच्या खिडकीतल्या गनरचं काम नीट समजून घेतलं की माणूस थक्क होतो. मोहोळच्या अलीकडे धावत्या एस.टी.च्या खिडकीतून खाऊन उरलेला पेरू कडेच्या मैलाच्या दगडावर मारून बघा. दगड बरोबर समोर आल्यावर फेकलात तर पेरू हमखास पुढे जाऊन पडणार, कारण बसचा वेग त्याच्या अंगात असतो. गोळीचंही तसंच. विमान तासाला अडीचशे मैलांच्या आसपास पुढे चाललंय, गनर आडवा बघतोय आणि बाजूने फायटर वळण घेत अंगावर येतोय. अशा वेळी नेम फायटरच्या नाकाच्या पुढे धरायचा नसतो. फायटर आणि आपल्याच विमानाची शेपटी यांच्या मधल्या रिकाम्या आकाशात धरायचा असतो. उडत्या पाखराच्या पुढे नेम धरायला शिकलेल्या खेड्यातल्या पोरांना हे उलटं गणित शिकवायला त्या काळी वेगळे धडे द्यावे लागले. वरच्या आणि पोटाखालच्या टरेटला, म्हणजे बंदुकांच्या फिरत्या घुमटाला, स्पेरी कंपनीची नेमाचा हिशेब करणारी साइट होती. खिडकीतल्या गड्याकडे बहुतेक वेळा साधी लोखंडी कडी आणि पाठ केलेला तक्ता.

वर थंडी. पंचवीस हजार फुटांवर उणे चाळीस, कधी त्याहून खाली. उघड्या हाताने बंदूक धरली तर कातडी धातूला चिकटून निघायची. 1943 पर्यंत खिडक्या सताड उघड्या असायच्या आणि हिमदंशाने जायबंदी झालेल्यांची संख्या गोळ्या लागलेल्यांना टक्कर देणारी होती. दोन्ही बाजूंचे गनर पाठीला पाठ लावून उभे, वळताना एकमेकांवर आपटायचे, पायाखाली रिकाम्या पुंगळ्या, तोंडावर ऑक्सिजनचा मुखवटा आणि त्याच्या नळीत गोठलेली वाफ. हे सगळं मी मे महिन्यात जुळे सोलापुरातल्या खोलीत, कूलरसमोर बनियनवर बसून माउसने करतो. वॉर थंडर या खेळात तर कॅमेरा विमानाच्या बाहेर असतो. चारी बाजू दिसतात, जिकडे बघू तिकडच्या सगळ्या बंदुका एकदम वळतात आणि आर्केड या सोप्या प्रकारात नेम कुठे धरायचा याचं वर्तुळसुद्धा समोर येतं. एका माणसाला दहा जणांचे डोळे आणि एकच मेंदू मिळाल्यासारखं.

इथपर्यंत वाचून फायटरवाल्याची बाजू जिंकली असं वाटेल. गनरचा नेम खेळात खरोखरच फाजील चांगला आहे. मग मी अजून बॉम्बरची बाजू का सोडत नाही?

कारण त्या बंदुका फायटर पाडायला आहेत हे गृहीतच मला पटत नाही. पडला तर उत्तमच, पण मुख्य काम होतं त्याला लांबूनच झाडायला लावणं आणि लवकर वळायला लावणं. जर्मनांनी हिशेब मांडला होता. मागून मारा करून बी-17 पाडायची तर 20 मिलिमीटरचे साधारण वीस गोळे बसायला हवेत, आणि सरासरी वैमानिकाचे शंभरातले दोनच बसतात. म्हणजे हजार गोळे झाडायला हवेत. एवढे एका फायटरमध्ये बसतही नाहीत. राहिला उपाय एकच, जवळ जायचं. आणि मागून जवळ जायचं म्हणजे दोघांच्या वेगातला फरक थोडा, अंतर सावकाश तुटतंय, आणि तेवढा सगळा वेळ साऱ्या रचनेच्या शेपट्यांतून निघणारे ट्रेसर, म्हणजे जळत जाणाऱ्या गोळ्या, आपल्याच काचेकडे येताना बघायचं. त्यातली एकही गोळी न लागो. ते बघत कोण सरळ उडत राहील?

फार कमी जण उडत राहिले. 1942 च्या शेवटी एगॉन मायर या जर्मन वैमानिकाने वेगळीच वाट काढली, थेट समोरून. तिकडे तेव्हा बॉम्बरच्या बंदुका तोकड्या होत्या. पण समोरासमोर म्हणजे दोन्ही वेगांची बेरीज, सेकंदाला दोनशे मीटरहून जास्त. नेम धरून झाडायला सेकंदभर मिळाला तर नशीब, लगेच धडक टाळायची. हे येरागबाळ्याचं काम नव्हतं, तरीही पुष्कळ जणांनी शेपटीपेक्षा हे पत्करलं. यावर अमेरिकनांनी बी-17 च्या हनुवटीखाली आणखी एक टरेट बसवलं. जी आवृत्तीचा तो खाली लोंबता जबडा तिथून आलाय.

आणि मग माझ्या वादातला हुकमाचा पत्ता. 1943 च्या अखेरीला जर्मनांनी एक खास तुकडी उभी केली, श्टुर्मश्टाफेल 1. तिचं काम होतं मागून अगदी जवळ जाणं. त्यासाठी फोक-वुल्फ 190 या फायटरवर जादा चिलखत चढवलं, कॉकपिटच्या बाजूंना जाड काच लावली, पुढे काहींवर 30 मिलिमीटरच्या तोफा दिल्या, ज्यांचे तीन-चार गोळे पुरत. एवढ्यानेही भागलं नाही. वैमानिकांकडून लेखी शपथ घेतली की जवळ गेल्याशिवाय मारा करणार नाही, आणि वेळ आली तर धडक देऊ. अशा शपथा न मागता जे होतं ते नेहमीचं असतं. शपथ लागली, यातच बाकीचे काय करत होते ते आलं. 7 जुलै 1944 ला याच पद्धतीने रांग धरून आलेल्या फायटरांनी लिबरेटर या अमेरिकन बॉम्बरांच्या एका ग्रुपची डझनभर विमानं एका फेरीत पाडली, म्हणजे पद्धत जीवघेणी होतीच. पण जड चिलखताखाली सुस्तावलेली तीच फोक-वुल्फ मस्टँग या अमेरिकन फायटरांना आयती सापडायची.

आता खेळात काय होतं बघा. पोरगा शेपटीमागे दीडशे मीटरवर येतो, वेग माझ्या वेगाशी जुळवतो आणि तिथे चक्क थांबतो. शपथ नाही, चिलखत नाही. मेला तर मेला, तीस सेकंदांत परत स्पॉन, म्हणजे नवा जन्म. आणि हाच पोरगा लॉबीत लिहितो की गनर रिअल नाहीत! अरे बाबा, तू रिअल आहेस का? त्या गनरने ज्या वैमानिकाला हटवायचं होतं त्याला घरी बायको होती, आई होती, काल जळत गेलेला शेजारच्या खाटेवरचा दोस्त होता. खेळात गोळी, वारा, वजन, पंखाची ताकद सगळं मोजून घालता येतं. भीती घालायला जागा नाही. मग खेळ बनवणाऱ्यांनी काय करावं? गनरचा नेम वाढवावा. आधी नुसत्या धाकाने जे व्हायचं ते आता खऱ्या गोळीने करावं लागतं. बंदूक खोटी आणि अंतर खरं, असा हा सौदा आहे. मला तो मान्य आहे. उलटा सौदा, म्हणजे नेम 1943 चा आणि समोर अमर वैमानिक, हा मला जास्त खोटा वाटतो.

या सौद्याचेही तोटे आहेत आणि ते बॉम्बरवाले सोयीस्करपणे विसरतात. गनर धारदार केले की काही जण बॉम्ब टाकायचंच सोडून फायटरच्या शिकारीला निघतात. एसेस हाय नावाच्या जुन्या ऑनलाइन खेळात एका खेळाडूला तीन बॉम्बरची रचना मिळायची आणि नेम लागेल त्या सगळ्या बंदुका एकाच बिंदूवर झाडायच्या. तिघांचा मिळून तो एक तरंगता तोफखानाच. गंमत म्हणजे अमेरिकनांनी हे खरोखर करून बघितलं होतं. 1943 मध्ये बी-17 वर आणखी बंदुका आणि दारूगोळा लादून वायबी-40 बनवलं, सोबतच्या बॉम्बरांची राखण करायला. बॉम्ब टाकून हलक्या झालेल्या बॉम्बरांना परतताना या जड राखणदारासाठीच वेग कमी करावा लागायचा. काही महिन्यांत गुंडाळलं. शेवटी प्रश्न सोडवला तो लांब पल्ल्याच्या मस्टँगने, आणि 1944 च्या सुरुवातीला अमेरिकन सेनापती डूलिटलने फायटरना बॉम्बरांची पाठ सोडून शत्रूच्या मागे लागायची मुभा दिली त्याने. खेळात हे कधीच जमत नाही, कारण बॉम्बरसोबत अर्धा तास मुकाट उडायला कुणी तयार नसतं. सगळ्यांना किल पाहिजे.

इंग्रजांचं रात्रीचं प्रकरण तर खेळात कुणी आणलंच तर विकलं जाणार नाही. त्यांच्या लँकेस्टर बॉम्बरच्या शेपटीत चार बंदुका असायच्या, पण हलक्या, .303 च्या. तिथल्या माणसाचं खरं हत्यार डोळे. सात-आठ तास काळोखात बघत बसायचं, सावली दिसली की ओरडायचं आणि पायलटने स्क्रूसारखे आळोखेपिळोखे घेत खाली सुटायचं. उगाच झाडलं तर आपणच कुठे आहोत ते शत्रूला कळायचं. जर्मनांनी नंतर वरच्या दिशेला तिरप्या तोफा बसवलेली रात्रफायटर आणली. ती पोटाखाली यायची, जिथे बहुतेक लँकेस्टरना ना बंदूक होती ना खिडकी. कित्येक गनर काहीही न बघता गेले. 30 मार्च 1944 च्या रात्री न्यूरेंबर्गवर निघालेल्या 795 पैकी 95 विमानं परत आली नाहीत.

बॉम्बर कमांडच्या संशोधन विभागात तेव्हा फ्रीमन डायसन नावाचा तरुण गणिती होता, पुढे मोठा भौतिकशास्त्रज्ञ झाला तोच. त्याचं आणि त्याच्या एका सहकाऱ्याचं म्हणणं पडलं की टरेट काढूनच टाका. वजन घटेल, वेग वाढेल, आणि विमान पडलंच तर माणसं तरी कमी मरतील. ते कुणी मनावर घेतलं नाही. मला नेहमी वाटतं, आकडे त्याच्या बाजूने असले तरी शेपटीत आपला माणूस बसलाय हा पायलटचा दिलासा त्याच्या वहीत कुठे मांडायचा? पण मॉस्किटोकडे बघितलं की डायसनचं पारडं जड होतं. बॉम्बर मॉस्किटोवर बंदूकच नव्हती. माणसं दोन, सांगाडा लाकडाचा, भरवसा वेगावर, आणि तिचं नुकसान जड बॉम्बरांपेक्षा पुष्कळ कमी.

हे दोन्ही पंथ आपल्या वायुदलाने सांभाळलेत, हे आमच्या खेळातल्या पोरांना सांगितलं की त्यांचे डोळे विस्फारतात. युद्धानंतर कानपूरला मोडीत टाकलेली अमेरिकन लिबरेटर विमानं हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या माणसांनी दुरुस्त करून उडवली आणि 1948 मध्ये त्यांच्यावर आपली पहिली जड बॉम्बरची स्क्वाड्रन उभी राहिली. टरेटवाली ती विमानं 1968 पर्यंत सेवेत होती. दुसरीकडे 1957 पासून आलेलं कॅनबेरा हे जेट बॉम्बर. त्याच्या शेपटीत कुणीही नाही, मागून येणाऱ्यासाठी काहीही नाही, फक्त उंची आणि वेग. 10 एप्रिल 1959 ला टेहळणीवरचं असंच एक कॅनबेरा पाकिस्तानच्या सेबर फायटरने रावळपिंडीजवळ पाडलं. तरी कॅनबेरा आपल्याकडे 2007 पर्यंत उडत राहिलं.

माझा भाचा पॉलिटेक्निकला आहे आणि तो कट्टर फायटरवाला. रविवारी दुपारी जेवून येतो, शेंगाचटणीचे हात तसेच जॉयस्टिकला लावतो, त्यावरून आमची पहिली लढाई. एकदा त्याला माझ्या बी-17 च्या एआय गनरने लागोपाठ खाली उतरवला, तेव्हा हेडफोन टेबलावर आपटून म्हणाला, “मामा, तुमचा गनर काय रोबो आहे का? खऱ्यात असं होत असतं काय?”

“खऱ्यात तू एवढ्या जवळ आला असतास का?”

“आलो असतो की.”

वाद घालण्यात अर्थ नव्हता. आयएल-टूच्या नव्या मालिकेत करिअर खेळताना एक सेटिंग असतं, वैमानिक मेला की करिअर तिथेच संपतं, परत फिरून यायची सोय नाही. ते चालू करून त्याला स्टालिनग्राडवर याक-1 हे रशियन फायटर दिलं आणि गनरचा नेम मुद्दाम खाली आणून ठेवला, त्याला न सांगता. पोरगा गुंतला. वैमानिकाला नाव दिलं, पदकं मिळवली. काही आठवड्यांनी जेवताना त्याचे किस्से सुरू झाले, आणि कळलं की तो आता ढगांच्या आडून येतो, एकदा झाडतो आणि वळतो. हेंकेल दिसली तर आधी तिच्या पुढे जाऊन उंची घेतो.

मग एका रविवारी सांगायला लागला, एकटं हेंकेल 111 मिळालं होतं, सोबत कुणी नाही, इंजिन आधीच धुरकटलेलं. हा मागे लागला, सहाशे मीटरपर्यंत गेला आणि वळून घरी आला.

मी विचारलं, “गोळी लागली?”

“नाही. एकपण नाही.”

“मग?”

“त्याची गन चालू होती ना, मामा.” आणि भाकरीचा तुकडा चटणीत दाबत म्हणाला, “माझी एवढी पदकं आहेत, एका हेंकेलसाठी कशाला मरू?”

ते हेंकेल बॉम्ब टाकून परत चाललं होतं की टाकायला निघालं होतं, हेही त्याने बघितलं नव्हतं.